आधी मोजणी, मग वाटणी : मत्स्यशास्त्रज्ञ सरकारी सेवेत आणि देशादेशांच्या बैठकांत नेमके काय करतो

भावाभावांत जमिनीची वाटणी निघाली की पहिला अर्ज जातो तो भूमी अभिलेख कार्यालयात. मोजणीची तारीख पडते, लगतच्या खातेदारांना नोटिसा निघतात, मोजणीदार येऊन बांधावर हद्दीच्या खुणा दाखवतो, पंचांच्या सह्या होतात, आणि मगच विहिरीकडचा तुकडा कोणाला व रस्त्याकडचा कोणाला, हा खरा तंटा सुरू होतो. मोजणीदार वाटणी करत नाही. एकूण किती आहे यावर तरी भांडण उरू नये एवढेच त्याचे काम, पण ते झाल्याशिवाय पुढचे पान हलत नाही, म्हणून दोन्ही भाऊ त्याला चहा पाजतात आणि दोघेही त्याच्यावर संशय घेतात. देशादेशांमध्ये समुद्रातल्या माशांवरून जी बोलणी चालतात, त्यांत मत्स्यशास्त्रज्ञाची जागा या मोजणीदाराची असते. फरक इतकाच की जमीन जागची हलत नाही, आणि मासा मात्र कोणालाही न विचारता एका देशाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो.

कोल्हापुरात मत्स्यशास्त्र म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे तलावाचा ठेका येतो. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडायचे, चिलापी माजली तर हळहळायचे आणि हंगाम आला की जाळे ओढायचे. समुद्राची मासळी आपल्याकडे आंबा घाटाने किंवा गगनबावड्याच्या वाटेने बर्फात बसून येते. तिच्या मागे कोणते करार आणि कोणती मोजमापे उभी आहेत, याच्याशी तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या शहराला फारसे देणेघेणे नसते. तरीही हा विषय कोल्हापूरकराला इतरांहून लवकर समजेल असे मला वाटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर अलमट्टीतून किती क्युसेक विसर्ग चालू आहे, आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागली की ४३ फुटांच्या धोका पातळीला, हे इथे पानपट्टीवरही बोलले जाते. राज्याराज्यांतला वाद पाण्याचा असतो तितकाच आकड्यांचाही असतो, आणि दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकच आकडा मान्य करणे ही एक वेगळीच लढाई असते, हे आपण घरात पाणी शिरल्यावर शिकलो आहोत.

मग न दिसणारे मासे मोजायचे कसे? एक गावतळे डोळ्यांपुढे आणा. पहिल्या दिवशी जाळे टाकून २०० मासे धरले, प्रत्येकाच्या परावर छोटी खूण केली आणि ते पुन्हा पाण्यात सोडले. आठवड्याने पुन्हा जाळे टाकले तेव्हा ३०० मासे मिळाले आणि त्यांत खुणेचे १५ निघाले, म्हणजे दर वीस माशांमागे एक. खुणेचे मासे एकूण २०० आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा तळ्यात अंदाजे ४,००० मासे असावेत. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांवर खुणा करून सोडण्याचा हा मार्ग रूढ केला, आणि आजही तो शिकवला जातो.

हिशोब शाळकरी आहे; कठीण आहे ते त्याच्या पोटातले गृहीत. खुणा गळून पडल्या, किंवा खूण करताना दुखावलेले मासे मेले, तर दुसऱ्या जाळ्यात खुणेचे मासे कमी दिसतात आणि तळे आहे त्याहून भरलेले भासते. उलट, सोडलेले मासे त्याच कोपऱ्यात घुटमळत राहिले आणि आपण तिथेच जाळे टाकले, तर तळे रिकामे वाटू लागते. यातले काहीही झाले नाही असे धरले तरी, केवळ १५ खुणा सापडल्या असताना प्रामाणिक उत्तर ‘४,०००’ हे नसते, तर ‘साधारण अडीच हजार ते सात हजारांच्या दरम्यान’ हे असते. शास्त्रज्ञाला हे उत्तर सभ्य वाटते. वाटाघाटीच्या टेबलावर मात्र ज्याला जास्त पकडायचे आहे तो सात हजारांना मिठी मारतो, ज्याला दुसऱ्याला थांबवायचे आहे तो अडीच हजारांवर बोट ठेवतो, आणि दोघेही ‘शास्त्र आमच्या बाजूने आहे’ असे सांगतात. सरकारी सेवेतल्या मत्स्यशास्त्रज्ञाचे अर्धे आयुष्य या दोन टोकांमधल्या अंतराचा अर्थ समजावण्यात जाते.

हिंदी महासागरातल्या ट्यूनासाठी, म्हणजे आपल्याकडच्या कुपा-गेदर मंडळींसाठी, हाच गावतळ्याचा प्रयोग अवाढव्य प्रमाणावर झाला. २००५ ते २००७ या काळात १ लाख ६८ हजारांहून अधिक ट्यूनांना खुणेचे बिल्ले टोचून सोडण्यात आले. हा महासागर ज्या आयोगाच्या देखरेखीखाली येतो, त्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाचे कार्यालय सेशेल्समधल्या व्हिक्टोरिया या शहरात आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. आयोगाच्या शास्त्रीय समितीने २०१५ मध्ये पिवळ्या पराच्या ट्यूनाचा साठा अतिमासेमारीने घटल्याचा निष्कर्ष दिला आणि पुढच्याच वर्षी पकड कमी करण्याचा ठराव झाला. कोणी किती कमी करायची यावरची वादावादी मात्र पुढे वर्षानुवर्षे चालली, कारण एकीकडे दूरवरून येणारी युरोपीय जहाजे होती आणि दुसरीकडे ‘आमची माणसे छोट्या होड्यांवर पोट भरतात’ असे सांगणारे किनाऱ्यावरचे देश होते.

मोजणीचा दुसरा पाया म्हणजे वय. बैलाचे वय दातांवरून सांगतात तसे माशाचे वय खवल्यावरच्या किंवा कानातल्या इवल्याशा खड्याच्या वलयांवरून वाचता येते. सूक्ष्मदर्शकाखाली तो खडा झाडाच्या कापलेल्या खोडासारखा दिसतो. नॉर्वेचे योहान योर्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हेरिंग या तारलीच्या कुळातल्या माशाचे खवले वर्षामागून वर्षे वाचले. त्यांना दिसले की १९०४ मध्ये जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षे नॉर्वेच्या पकडीवर राज्य करत होती. मासळी कधी भरपूर मिळते आणि कधी गायब होते, याचे कारण मासे दुसरीकडे निघून जातात हे नसून, काही वर्षी अंड्यांतून निघालेली पिले प्रचंड संख्येने जगतात आणि काही वर्षी जवळजवळ सगळीच मरतात हे आहे, असे त्यांनी १९१४ मध्ये मांडले. हेच योर्ट नॉर्वेच्या मत्स्यखात्याचे संचालक होते, आणि पहिल्या महायुद्धात नॉर्वेची मासळी जर्मनीला मिळू नये म्हणून ब्रिटनने ती विकत घेण्याचा जो करार १९१६ मध्ये झाला, त्याच्या वाटाघाटींत ते होते. पुढे सरकारच्या धोरणाशी मतभेद होऊन त्यांनी पद सोडले. खवल्यांची वलये वाचणारा माणूस युद्धकाळात परराष्ट्र खात्याच्या दारात कसा पोहोचतो, याचे इतके जुने उदाहरण क्वचित सापडेल.

साठा मोजला की पुढचा प्रश्न येतो, त्यातून किती काढायचे? तळे माशांनी ठासून भरले असेल तर खाद्य अपुरे पडते, मासे किडकिडीत राहतात आणि पिले जगत नाहीत, म्हणजे भर पडत नाही. तळ्यात मोजकेच मासे उरले असतील तर अंडी घालायलाच कोणी नसते, तेव्हाही भर पडत नाही. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अशी स्थिती असते की दरवर्षी सर्वाधिक नवी भर पडते, आणि तेवढीच भर काढून घेतली तर साठा जागेवर राहतो. या काढण्याला ‘कमाल शाश्वत उत्पादन’ म्हणतात. कागदावर ही कल्पना निरागस आहे. पण १९४९ मध्ये ती अमेरिकेचे अधिकृत सागरी धोरण म्हणून मांडली ती विल्बर्ट चॅपमन यांनी, जे मत्स्यशास्त्रज्ञ होते आणि त्या वेळी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात मासेमारीचा कारभार पाहत होते. त्या धोरणाचा व्यवहारातला अर्थ असा होत असे की अतिमासेमारी होते आहे हे शास्त्राने सिद्ध करेपर्यंत कोणाला अडवू नये. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर ट्यूना धरणाऱ्या अमेरिकी बोटींना हे सोयीचे होते. चिली, पेरू आणि इक्वेडोर यांना नव्हते, आणि त्यांनी १९५२ मध्ये सँतियागो येथे २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर हक्क सांगितला. चॅपमन यांचे शास्त्र खोटे होते असे कोणी म्हणणार नाही. मोजणीची साखळी सरळच होती, पण ती कोणत्या बांधापासून धरायची हे एका भावाने ठरवले होते, एवढेच.

याच्या उलट टोकाला सिडनी होल्ट. ब्रिटनमधल्या लोस्टॉफ्टच्या प्रयोगशाळेत रे बेव्हर्टन यांच्यासह त्यांनी माशांच्या साठ्याचे जे गणित बसवले, ते १९५७ मध्ये ग्रंथरूपाने आले आणि या शास्त्राचा पायाच ठरले. होल्ट तोवर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दाखल झाले होते, आणि तिथून ते व्हेलच्या वादात ओढले गेले. देवमासा हा मासा नव्हे, तो दूध पाजणारा सस्तन प्राणी. पण त्याचा हिशोब करायला माशांचेच गणित लागले. अंटार्क्टिक समुद्रातल्या शिकारीची मर्यादा तेव्हा ‘निळा व्हेल एकक’ या विचित्र मापात ठरत असे. एक निळा व्हेल म्हणजे दोन फिन व्हेल, म्हणजे अडीच हंपबॅक, म्हणजे सहा सेई व्हेल, आणि साऱ्या देशांची मिळून मर्यादा दीर्घकाळ १६,००० एककांच्या आसपास होती. हे माप तेलाच्या हिशोबाने बेतलेले होते आणि त्यात कोणत्या जातीचे किती प्राणी उरले आहेत याचा पत्ताच नव्हता. एका पाठलागात अख्खे एकक मिळत असताना शिकारी निळ्या व्हेलच्याच मागे लागणार हे उघड होते, मग तो संपत आला असला तरी.

१९६० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने, शिकारीशी संबंध नसलेल्या तीन स्वतंत्र शास्त्रज्ञांची समिती नेमली आणि होल्ट त्यांतले एक होते. समितीने १९६३ मध्ये सांगितले की शिकार फार मोठ्या प्रमाणावर कमी करावी लागेल. आयोगाने त्या हंगामासाठी १०,००० एककांची मर्यादा ठेवली, आणि ती बोटींना गाठतासुद्धा आली नाही, कारण समुद्रात तेवढे व्हेल उरलेच नव्हते. एखाद्या समितीचे म्हणणे इतक्या लवकर आणि इतक्या वाईट रीतीने खरे ठरणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. ते एकक पुढे १९७२ मध्ये रद्द झाले. होल्ट नंतर सेशेल्स या चिमुकल्या देशाच्या शिष्टमंडळात बसले, आणि व्यापारी व्हेलशिकार थांबवण्याचा सेशेल्सचा ठराव १९८२ मध्ये २५ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला. मोजणीदाराने अखेर एका बाजूचे वकीलपत्र घेतले, असा आक्षेप यावर घेता येतो आणि तो अगदीच गैरलागू नाही. पण वीस वर्षे मोजणी मान्य करूनही वाटणीत ती कोणी पाळत नसेल, तर मोजणीदाराने काय करावे याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडे नसते.

सरकारी शास्त्रज्ञ चुकतातही, आणि त्याची किंमत फार मोठी असते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरचा कॉड मासा १९८० च्या दशकात आहे त्याहून बराच जास्त असल्याचे अंदाज दिले गेले. व्यापारी बोटींना दर फेरीला भरपूर मासे मिळत होते यावर त्यात बराच भरवसा ठेवला गेला होता. प्रत्यक्षात बोटींची यंत्रे सुधारत गेली होती आणि उरलेले मासे मोजक्या जागी गोळा होत होते, त्यामुळे साठा खंगत असतानाही जाळी भरून येत राहिली. २ जुलै १९९२ रोजी तिथल्या मंत्र्यांनी मासेमारी बंद केल्याचे जाहीर केले आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

आपल्याकडे या पेशाचा पाया स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर घातला गेला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ मध्ये सुरू झाली, आणि १९५० च्या दशकात तिचे संचालक राहिलेले डॉ. एन. केशव पणिक्कर यांचा प्रवास या लेखाच्या विषयाचा भारतीय नमुनाच म्हणता येईल. मंडपमची प्रयोगशाळा, मग केंद्र सरकारचे मत्स्यविकास सल्लागारपद, मग आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतल्या भारताच्या कामाची धुरा, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालकपद, आणि त्याच दशकात युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाचे अध्यक्षपद, असा तो आहे. महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजे एकाच समुद्रात मापे घेत फिरत होती. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत त्यांनी एकत्र काम करणे हीच मोठी मुत्सद्देगिरी होती. गोड्या पाण्याचे नाव घ्यायचे तर डॉ. हिरालाल चौधरी यांचे घ्यावे लागेल, कारण १० जुलै १९५७ रोजी त्यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले नसते, तर आपल्या तलावांत सोडायला रोहू-कटल्याचे बीज आजही पावसाळी नद्यांतूनच गोळा करावे लागले असते. चौधरी पुढे आग्नेय आशियात काम करत राहिले. डॉ. मोदडुगू विजय गुप्ता यांनी बांगलादेशातल्या गरीब कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, डबक्यांत मासे वाढवायला शिकवले आणि त्यांना २००५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. परराष्ट्र खात्याच्या कोणत्याही कागदावर न दिसणारी ही मुत्सद्देगिरी मला सर्वांत टिकाऊ वाटते.

१९७६ च्या कायद्याने भारताने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या क्षेत्रावर हक्क घेतला, आणि १९८२ चा समुद्रविषयक करार १९९४ पासून लागू झाल्यावर ही जगभरची रीत झाली. या करारात मोजणीदाराला थेट कायद्याचे स्थान आहे. आपल्या क्षेत्रात किती मासे पकडता येतील हे किनारी देशाने उपलब्ध सर्वोत्तम शास्त्रीय पुराव्याच्या आधारे ठरवावे, आणि स्वतःला पकडता न येणारे शिल्लक असतील तर इतरांना वाट द्यावी, असे तो सांगतो. म्हणजे ज्या देशाकडे स्वतःची मोजणी नाही त्याला ‘शिल्लक नाही’ असे ठामपणे म्हणणेही अवघड जाते. जागतिक व्यापार संघटनेच्या मासेमारी अनुदानांवरील कराराने, जो जून २०२२ मध्ये स्वीकारला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अंमलात आला, हीच गाठ आणखी घट्ट केली, कारण घटलेल्या साठ्यावरील मासेमारीला अनुदान नको म्हटल्यावर साठा घटलेला आहे की नाही हे आधी कोणीतरी सांगावे लागते. भारताने या वाटाघाटींत विकसनशील देशांसाठी २५ वर्षांची सवलत मागितली होती, आणि अशा मागणीला वजन येते ते मागे आकडेवारी असेल तरच. केंद्रीय सागरी संस्थेने २०२२ साठी देशाच्या किनाऱ्यावरील १३५ साठ्यांचा आढावा घेतला आणि त्यांतील ९१.१ टक्के शाश्वत स्थितीत असल्याचे सांगितले, तो अहवाल अशा बैठकांत पिशवीत असावा लागतो.

कधीकधी सारा वाद एका लोखंडी जाळीवर येऊन ठेपतो. कोळंबीच्या ट्रॉलजाळ्यात कासवे अडकून मरतात, म्हणून अमेरिकेने तशी कोळंबी आयात करणे बंद केले. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड यांनी त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, आणि १९९८ मध्ये निकाल असा लागला की कासवे वाचवण्याचा हेतू रास्त आहे, पण नियम लावण्यात भेदभाव झाला आहे. जिंकलो म्हणावे तर कोळंबीला वाट मोकळी झाली नाही. उपाय म्हणजे टेड (टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस). जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवलेली गजांची चौकट, जिच्या फटींतून कोळंबी मागे पिशवीत जाते आणि कासव गजांवरून घसरत वरच्या झडपेतून बाहेर पडते. कोळ्याचा प्रश्न साधा असतो : कासवाबरोबर माझे मासे किती जाणार? याला भाषणाने उत्तर देता येत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या पाण्याला आणि आपल्या मासळीला जुळणारे टेड तयार केले, त्याच्या चाचण्या घेतल्या, आणि अमेरिकी तज्ज्ञांना ते पटवून देणे हा दोन सरकारांमधल्या व्यापारी बोलण्यांचा विषय ठरला. जाळे विणण्याचे शास्त्र शिकलेला माणूस या खोलीत सर्वांत महत्त्वाचा असतो, जरी त्याची खुर्ची मागच्या रांगेत असली तरी.

मोजणी बिनचूक झाली म्हणजे वाटणी होतेच असे नाही, हे युरोपातल्या बांगड्याच्या भाईबंदाने दाखवून दिले. अटलांटिक मॅकेरल उत्तरेकडे सरकू लागला तसा आइसलंड आणि फेरो बेटे यांनी आपला वाटा मागितला. एकूण किती पकडावे हा शास्त्रज्ञांचा सल्ला सर्वांसमोर होता, पण प्रत्येकाने आपापला वाटा स्वतःच ठरवला आणि त्या वाट्यांची बेरीज वर्षानुवर्षे सल्ल्यापेक्षा मोठी भरत राहिली. गुंठेवारीत चार भावांचे उतारे जोडले की जमीन मूळ सर्व्हे नंबरपेक्षा मोठी होते, तसलाच हा प्रकार.

कोल्हापूरच्या मुलामुलींना या वाटेला लागायचे तर बारावीनंतर चार वर्षांची मत्स्यशास्त्राची पदवी आहे आणि सर्वांत जवळचे महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला, कोकण कृषी विद्यापीठाचे. पुढच्या शिक्षणासाठी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था असते, आणि तिथून एक वाट कृषी संशोधन सेवेच्या परीक्षेकडे व दुसरी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे जाते. विभागातली नोकरी जिनिव्यातल्या व्यापार संघटनेच्या वाटाघाटींच्या मानाने रुक्ष वाटते, पण तीही मोजणीचीच आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडीची किमान लांबी ठरवली, आणि त्याच वर्षी राज्यमासा झालेल्या पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा ताटात येऊ नये हा त्यामागचा हिशोब. तो बंदरावर पाळून घेणे म्हणजे पट्टी हातात घेऊन ओळखीच्या माणसांशी वाईटपणा घेणे.

आणि या सगळ्या उतरंडीच्या तळाशी नोंदणी करणारा माणूस असतो. ठरलेल्या दिवशी तो रत्नागिरीतल्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावर पहाटे उभा राहतो, आलेल्या बोटींतून नियमाने काही निवडतो, तांडेलाला कुठे आणि किती तास जाळे टाकले ते विचारतो, टोपलीतले मूठभर बांगडे मोजपट्टीवर आडवे ठेवून तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबी लिहून घेतो. तांडेल कधी खरे सांगतो, कधी जागा लपवतो. या नोंदींवरून जिल्ह्याचा, मग राज्याचा, मग देशाचा आकडा तयार होतो, आणि ट्यूनासारख्या ज्या जाती हद्दी ओलांडतात त्यांचा तो पुढे आयोगाच्या व्हिक्टोरियातल्या कार्यालयापर्यंत जातो. वहीचे पान भरून होईपर्यंत त्या बोटीच्या मासळीवर बर्फ पडलेला असतो आणि पेट्या चढलेला टेम्पो आंबा घाटाच्या वाटेला लागलेला असतो.